लहान मुलांचा ताप आणि लघवी



मागच्या आठवड्यात आपला वर्ग सुटला, तेव्हा एक बाई कडेवरचे मूल घेऊन माझ्याजवळ आल्या. मुलाचे अंग तापले होते. मी विचारले, "काय झाले?" त्या म्हणाल्या, "काही नाही गुरुजी, दात येताहेत."

ते ऐकून माझ्या काळजात चर्र झाले. सात वर्षांपूर्वी अगदी हेच वाक्य मी माझ्या घरात बोललो होतो. त्याची किंमत माझ्या नातीने मोजली. तेव्हाच मी ठरवले, की आज व्यवस्थापकांनी मला बोलायला उभे केले, तर याच गोष्टीवर बोलायचे.

आधीच सांगून ठेवतो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. सारा जन्म शाळेत गेला. डॉक्टरकी मला येत नाही. पण नातीच्या आजारामुळे पाच वर्षे दवाखान्याच्या बाकावर बसलो, डॉक्टरांना विचारून विचारून भंडावले, आणि जे कळले ते वहीत उतरवून घेतले. तेवढेच सांगतो.

विषय लघवीचा आहे. कुणी लाजू नका. तोंड दाबून हसूही नका, बरं का! लघवीबद्दल चारचौघांत बोलायचे नाही, ही आपली रीत. पण त्या रीतीपायी दुखणे अंगात मुरते.

आता आमच्या घरची हकीकत ऐका.

नात सहा महिन्यांची असताना तिला पहिल्यांदा ताप आला. दोन दिवसांनी उतरला. पुढे आठव्या महिन्यात पुन्हा आला. गावातून औषधाची बाटली आणली. तीन दिवसांत ताप गेला, तशी आम्ही बाटली फळीवर ठेवून दिली. निम्मे औषध उरले होते. 'पुढल्या वेळी उपयोगी पडेल' असे मीच म्हणालो. आमच्या हिने मीठमोहऱ्या उतरवल्या. मी त्याला हसलो. पण माझे तरी कुठे शहाणपण चालले होते? मी दातांना दोष देत बसलो होतो.

नवव्या महिन्यात तिसऱ्यांदा ताप आला. या वेळी एकशेतीनपर्यंत चढला. पोर दूध ओढीना. ओकायला लागली. सूनबाई म्हणाली, "बाबा, मी काही आता थांबत नाही." आणि ती तडक तालुक्याला, लहान मुलांच्या डॉक्टरांकडे गेली. मीही मागोमाग गेलो.

डॉक्टरांनी विचारले, "खोकला आहे?" नाही. "नाक गळते?" नाही. "जुलाब?" नाही. "कान दुखतो असे वाटते?" त्यांनी कानही पाहिला. काही नाही. मग ते म्हणाले, "गुरुजी, मग हा ताप आला कुठून? आजवर लघवी कधी तपासली आहे का?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. तीन वेळा ताप आला, आणि लघवी एकदाही तपासली नव्हती.

तपासली तेव्हा लघवीत जंतू निघाले. पुढे आणखी तपासण्या झाल्या. डाव्या बाजूची लघवी उलटी फिरते असे दिसले. आणि काही महिन्यांनी एक वेगळी तपासणी केली, तीत डाव्या मूत्रपिंडावर एक लहानसा व्रण दिसला. जखम भरून आल्यावर कातडीवर जसा वण राहतो, तसा. तो वण जात नाही. पहिल्याच तापाला लघवी तपासली असती, तर तो कदाचित पडलाच नसता.

लघवी उलटी फिरते म्हणजे काय होते? मी फळ्यावर चित्र काढतो, ते पाहा.

आपल्या पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंना, खालच्या बरगड्यांपाशी, दोन मूत्रपिंडे असतात. आपण बोलताना किडनी म्हणतो तीच. आकार घेवड्याच्या दाण्यासारखा. रक्त गाळून त्यातले नको ते काढायचे आणि त्याची लघवी करायची, हे त्यांचे काम. ते रात्रंदिवस चालते. प्रत्येक मूत्रपिंडापासून एक बारीक नळी खाली येते. या दोन्ही नळ्या लघवीच्या पिशवीत उतरतात. पिशवी भरली, की आपल्याला लघवी लागते, आणि ती खालच्या वाटेने बाहेर पडते.

वाट एकाच दिशेची आहे. वरून खाली. पिशवी आवळली म्हणजे लघवी वरही ढकलली जाईल, असे तुम्हाला वाटेल. पण निसर्गाने मोठी युक्ती केली आहे. जुन्या सायकलीची वालट्यूब तुम्ही पाहिली असेल. पंपाने हवा भरली, की आत जाते. मग चाकातली हवाच त्या रबरी नळीला दाबून धरते, म्हणून ती उलटी बाहेर येत नाही. इथेही तसेच. वरून आलेली नळी पिशवीत सरळ घुसत नाही. ती पिशवीच्या भिंतीतून तिरकी, थोडे अंतर चालून मग आत उघडते. पिशवी भरली, की आतल्या दाबानेच नळीचा तेवढा भाग चेपला जातो. वाट बंद.

काही मुलांमध्ये हा तिरका भाग जन्मापासूनच आखूड असतो. मग वाट नीट बंद होत नाही, आणि लघवी नळीतून परत वर चढते. डॉक्टर याला रिफ्लक्स म्हणतात. त्याच्या पाच पायऱ्या मानतात. पहिल्या पायरीत लघवी नळीत थोडीशीच चढते. पाचवीत ती मूत्रपिंडापर्यंत जाते, आणि नळी फुगून वेडीवाकडी होते. आमच्या नातीची तिसरी होती.

हा कुणाचा दोष नाही. आईने गरोदरपणी काय खाल्ले, काय नाही, याच्याशी याचा संबंध नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्याकडे पाहुण्यांनी सूनबाईला फार टोचून घेतले. हा गुण घराण्यात मात्र चालतो. एका मुलाला असेल, तर त्याच्या भावंडांपैकी चारांतल्या साधारण एकाला तो निघतो. म्हणून धाकट्याला ताप आला, तर डॉक्टरांना आधीच सांगावे, 'याच्या थोरल्या बहिणीला हे आहे.'

नुसती लघवी वर चढली, तर बहुधा दुखत नाही. मूल हसते, खेळते, वाढते. घरात कुणाला पत्ताही लागत नाही. धोका आहे तो जंतूंचा. आपल्या आतड्यात ई. कोलाय नावाचे जंतू असतात. तिथे ते गुण्यागोविंदाने राहतात. पण शौचाच्या जागेवरून ते लघवीच्या वाटेने पिशवीत शिरले, की जंतुसंसर्ग होतो. एरवी ते पिशवीतच थांबले असते. लघवी उलटी फिरणाऱ्या मुलात त्यांना वर जायला आयती वाट मिळते. ते मूत्रपिंडात पोचतात, ताप चढतो, आणि उपचाराला उशीर झाला तर व्रण पडतो. दोन्ही मूत्रपिंडांवर व्रण वाढत गेले, तर पुढे रक्तदाब वाढतो, आणि काहींची मूत्रपिंडे निकामीही होतात. लघवीच्या जंतुसंसर्गाने ताप आलेल्या मुलांपैकी साधारण तिसरा हिस्सा मुलांना हा रिफ्लक्स असतो.

मग ओळखायचे कसे? मोठे मूल सांगते, लघवीला जळजळते, पोटात दुखते, पाठ दुखते. ज्याने बिछाना भिजवणे सोडले होते, ते पुन्हा भिजवू लागते. पण तान्हे मूल काय सांगणार? त्याला नुसता ताप येतो. किंवा ते दूध पीत नाही, ओकते, किरकिरते, त्याचे वजन वाढत नाही. तेव्हा तान्ह्या मुलाला ताप आहे आणि सर्दी-खोकल्यासारखे कारण दिसत नाही, तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, 'लघवी तपासायची का?' एवढा एक प्रश्न तोंडपाठ करा. दात येताना मूल थोडे कण्हते, लाळ गाळते. मोठा ताप दातांनी येत नाही. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, तर घरात रात्र काढू नका. त्याच पावली इस्पितळ गाठा.

मुलगा असेल, तर त्याच्या लघवीची धार पाहावी. धार बारीक आहे, थेंबथेंब येते, जोर करावा लागतो, असे दिसले तर लगेच दाखवावे. पुढची कातडी मात्र ओढून मागे सारू नये. लहानपणी ती चिकटलेलीच असते.

आता लघवी धरायची कशी, ते ऐका. आमची पहिली बाटली फुकट गेली, म्हणून सांगतो.

डॉक्टरांच्या माणसाने निर्जंतुक बाटली दिली. मी शहाण्यासारखे झाकण उघडून आत बोट घालून पाहिले. झाले! माझ्या बोटाचेच जंतू आत गेले. बाटलीला आतून हात लावायचा नाही. मुलाची जागा आधी साबण-पाण्याने धुवायची. पहिली धार जाऊ द्यायची, आणि मधली धार बाटलीत धरायची. तान्ह्या मुलाची लघवी धरणे म्हणजे मासा धरण्यासारखे. तासभर बसलो तरी होत नाही, आणि जरा मान वळवली की होते. एक युक्ती आहे. थंड पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडाने ओटीपोट हलके चोळत राहायचे. ऑस्ट्रेलियात २०१७ साली ३५४ बाळांवर याची परीक्षा झाली. चोळलेल्यांपैकी शंभरात एकतीस बाळांनी पाच मिनिटांत लघवी केली. न चोळलेल्यांपैकी शंभरात बाराच. आमच्या नातीने तिसऱ्या खेपेला केली, आणि तीही निम्मी सूनबाईच्या पदरावर.

चिकटवायची पिशवी मिळते. ती सोयीची वाटते, पण तिच्यात कातडीवरचे जंतू मिसळतात, आणि नसलेला आजार दिसतो. मूल फार आजारी असेल, तर डॉक्टर बारीक नळी घालून लघवी काढतात. आईबापांना ते बघवत नाही. पण करू द्यावे.

बाटली तासाभरात तपासणीला पोचवावी. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीला कल्चर म्हणतात. तिला दोन दिवस लागतात. कोणता जंतू आहे आणि कोणत्या औषधाने तो मरतो, हे तीत कळते. म्हणून जंतू मारण्याचे औषध लघवी दिल्यावर सुरू करायचे असते. घरातल्या फळीवरची उरलेली बाटली आधी पाजली, तर जंतू अर्धमेले होऊन लपतात, आणि तपासणीत काही निघत नाही. आमच्या फळीवरची बाटली मी त्याच संध्याकाळी उकिरड्यावर नेऊन ओतली. पण तेही चुकीचेच, असे नंतर कळले. असे औषध मातीत ओतायचे नसते. न उरवणे हेच खरे. डॉक्टरांनी दहा दिवस सांगितले, तर दहा दिवस द्यायचे. ताप तिसऱ्या दिवशी गेला तरी.

यानंतर सोनोग्राफी होते. तिने काही दुखत नाही. रिफ्लक्सचा संशय असेल, तर लघवीच्या वाटेने नळी घालून पिशवीत एक द्रव भरतात, आणि मूल लघवी करीत असताना एक्स-रे काढतात. मूत्रपिंडावर व्रण आहे का, हे पाहायची तपासणी आणखी निराळी. ती जंतुसंसर्ग झाल्यावर काही महिन्यांनी करतात. प्रत्येक मुलाला सगळ्या तपासण्या लागतात असे नाही. गरोदरपणाच्या सोनोग्राफीत पोटातल्या बाळाचे मूत्रपिंड फुगलेले दिसले होते, असे काही आयांना सांगितलेले असते. तो कागद हरवू नका. बाळाच्या डॉक्टरांना दाखवा.

रिफ्लक्स निघाला म्हणजे लगेच शस्त्रक्रिया, असे नाही. मूल वाढते तशी नळीची ती तिरकी वाटही लांब होते. खालच्या पायऱ्यांचा रिफ्लक्स बहुतेक मुलांत आपोआप जातो. वरच्या पायऱ्यांचा कमी जातो. तोवर मूत्रपिंडे जपायची. पुष्कळ मुलांना त्यासाठी रोज रात्री औषधाची एक लहान मात्रा देतात. तिचा उपयोग किती? अमेरिकेत ६०७ मुलांवर दोन वर्षे पाहणी झाली, आणि तिचे निष्कर्ष २०१४ साली छापून आले. खरे औषध दिलेल्या ३०२ मुलांपैकी ३९ जणांना पुन्हा जंतुसंसर्ग झाला. खोटे औषध, म्हणजे नुसते गोड पाणी म्हणा, दिलेल्या ३०५ मुलांपैकी ७२ जणांना झाला. पाट्या घ्या आणि शेकडा काढून पाहा. तेरा आणि चोवीस येतील. म्हणजे जंतुसंसर्ग जवळजवळ निम्म्याने घटला. पण नव्या व्रणांचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच राहिले. आणि औषध घेणाऱ्यांना जेव्हा जंतुसंसर्ग झाला, तेव्हा त्यांचे जंतू त्या औषधाला पुष्कळदा दाद देईनात. म्हणून कुणाला औषध द्यायचे आणि कुणाला नाही, हे डॉक्टर मुलागणिक ठरवतात. शेजारच्या मुलाला देतात म्हणून आपण मागू नये. आपल्याला दिले असेल, तर मनाने बंदही करू नये. आमच्या नातीला दीड वर्ष दिले. रिफ्लक्स मोठा असला आणि औषध चालू असतानाही ताप येत राहिला, तर मग शस्त्रक्रियेचा विचार होतो.

डॉक्टरांचे काम इथवर. घरचे काम याहून मोठे आहे.

सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचे दूधच. उन्हाळ्यातही वरचे पाणी नको. आईच्या दुधाने जंतुसंसर्गापासूनही रक्षण होते. पुढे मूल मोठे झाले, की त्याने दिवसभर थोडेथोडे पाणी प्यावे आणि दर दोन-तीन तासांनी लघवीला जावे. लागो न लागो, जावे. निजण्यापूर्वी जावे. उलटी फिरणारी लघवी वर चढून पुन्हा पिशवीत उतरते. म्हणून एकदा झाल्यावर थोडा वेळ थांबून पुन्हा एकदा बसवावे. मुलीची जागा धुताना पुढून मागे धुवावे. मागून पुढे नाही. धने-जिऱ्याचे पाणी, सातूचे पाणी मोठ्या मुलाला खुशाल द्या. पाणी पोटात गेले ते चांगलेच. पण तापाला तो उपाय नव्हे.

आणि शौच! हे कुणाच्या ध्यानात येत नाही. मूल चार-चार दिवस शौचाला जात नाही, खडे होतात, तेव्हा भरलेले आतडे लघवीच्या पिशवीला रेटते. पिशवी पुरती रिकामी होत नाही. साचलेल्या पाण्यात जसे किडे होतात, तसे साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. आमच्या नातीला दिवसभर दूध आणि बिस्किटे लागायची. ती मीच आणून द्यायचो, आजोबा ना! डॉक्टरांनी ती बंद करून भाकरी, पालेभाजी, पपई, पेरू सांगितले. महिनाभर घरात रडारड झाली. पण गुण आला.

आता माझ्याच धंद्यातली एक गोष्ट. ती सांगायला जड जाते.

शाळेत मूल करंगळी वर करते. आपणा सर्वांना तिचा अर्थ ठाऊक आहे. मी अडतीस वर्षे मास्तरकी केली, त्यात किती करंगळ्या खाली करायला लावल्या असतील! 'मधल्या सुट्टीत जा.' 'आताच तर गेला होतास.' 'एक गेला की दहा जातात.' शिस्त म्हणून मी हे करीत होतो. दुसरीच्या वर्गात एक मुलगी होती. ती मध्येच उकिडवी बसायची, एक टाच खाली दाबून. मला वाटे, नाटके करते आहे. मी तिला उभी करायचो. एकदा वर्गातच तिचा परकर भिजला. पोरे हसली. मीही तिलाच रागावलो. पुढे तिने शाळा सोडली. आता मला कळले आहे, की लघवी आवरून धरायला मुले अशी टाच लावून बसतात, आणि हे त्या आजाराचे एक लक्षण असू शकते. ती मुलगी आता कुठे आहे, मला ठाऊक नाही.

२००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यात मुलांची आणि मुलींची स्वच्छतागृहे वेगळी असावीत असे लिहिले आहे. पण असणे निराळे आणि वापरण्याजोगी असणे निराळे. दाराला कडी नाही, आत पाणी नाही, तर मुली जात नाहीत. जावे लागू नये म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. तुम्ही पालक म्हणून शाळेत जा, आणि एकदा आत डोकावून पाहा. केरळात २०१९ साली शाळांतून पाणी पिण्याची घंटा सुरू केली. दिवसातून ठरावीक वेळी घंटा होते, आणि सारी मुले पाणी पितात. ते ऐकून मला वाटले, मी मुख्याध्यापक असताना हे का सुचले नाही? घंटा तर माझ्याच हातात होती.

आता ही वही. आमच्या घरची आहे. हातोहात फिरवा, पण पाने जपा. पहिल्या पानावर नातीचे नाव आणि जन्मतारीख. पुढे प्रत्येक तापाची तारीख, किती चढला, लघवी दिली का, कोणता जंतू निघाला, कोणते औषध, किती दिवस. सूनबाई लिहायची. ती नसली तर मी. डॉक्टर बदलले, गाव बदलले, तरी वही पुढे केली की पहिल्यापासून सांगत बसावे लागत नसे. तुम्ही आता तारीख लिहिता, औषधाचे नाव अक्षर अक्षर लावून वाचता. अशी वही तुमच्यातल्या प्रत्येकीला आज घालता येईल.

नातीचा रिफ्लक्स पाचव्या वर्षी गेला. व्रण आहे. त्यासाठी दर वर्षी रक्तदाब मोजायचा आणि लघवी तपासायची. शेवटच्या पानावर यंदाची तारीख आहे, ती तिने स्वतः लिहिली आहे. अक्षर अजून थोडे वाकडे येते.

मागच्या आठवड्यातल्या त्या बाई आज आल्या आहेत. मूलही आहे. दोन दिवसांपूर्वी लघवी दिली, असे त्या मघाशी म्हणाल्या. कागद उद्या मिळणार आहे. बाई, कागद मिळाला की आधी स्वतः वाचा, आणि अडले तर माझ्याकडे आणा.